मळ्यात, गावात, भाड्याच्या खोलीत – एकट्यानं राहायचं तर काय काय लागतं? (खान्देशपुरतं)

केळीचं_बन (धागाकर्ता)

रावेर-यावल पट्ट्यात आता गल्लीगल्लीत अशी घरं आहेत की पोरं पुण्याला, सुरतेला आणि घरात एकच माणूस. दुसरीकडे काही लोक मुद्दाम मळ्यात खोली बांधून एकटे राहायला निघालेत. कोणी निवृत्तीनंतर, कोणी वाचनासाठी, कोणी नामस्मरणाला, कोणी नुसता माणसांचा कंटाळा आला म्हणून. एकाच्या गळ्यात एकटेपण पडलंय, दुसऱ्यानं ते मागून घेतलंय. मनाच्या पातळीवर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. पण घराची, जेवणाची, दुखण्याखुपण्याची तयारी दोघांना तीच करावी लागते, आणि ती करण्यात दोघंही सारखेच आळशी असतात असं दिसतं.

माझ्या मते सगळ्याच्या आधी एक प्रश्न: आज तुम्ही दिसला नाहीत, तर ते कोणाच्या आणि किती तासांत लक्षात येईल? उत्तर तासांत असेल तर पुढचं बोलू. 'दोन-तीन दिवसांनी कळेल' असं असेल तर आधी तेवढं दुरुस्त करा, एकांताचं नंतर बघू.

साधी पद्धत अशी. सकाळी ठरलेल्या वेळी, समजा सात ते साडेसात, एका माणसाला मिस कॉल. बोलणं नाही. साडेसातपर्यंत आला नाही तर तो माणूस आठपर्यंत तीनदा फोन लावतो. उचलला नाही तर गावातल्या दुसऱ्या माणसाला कळवतो आणि तो चालत येऊन बघतो. म्हणजे माणसं दोन हवीत: एक फोनवरचा, तो पुण्यात असला तरी चालेल, दुसरा पायी दहा मिनिटांच्या आतला, त्याच्याकडे घराची किल्ली. बिघडतं ते दुसऱ्या माणसापाशी. लोक लेकाला मिस कॉल देतात आणि लेक पुण्यात नुसता घाबरून बसतो, कारण गावात कोणाला फोन करायचा हे ठरलेलंच नसतं. केळीच्या बागेत रेंज जाते तेव्हा जोडीला डोळ्यांना दिसणारी खूण ठेवा. रात्री दारात उलटी टांगलेली बादली सकाळी उठल्यावर आत घ्यायची. दूधवाल्याला सांगून ठेवा, बादली बाहेर दिसली की हाक मारायची.

आपबीती नको, तिच्यासाठी वेगळा धागा आहे. कामाचं लिहा.

विजनवासी

धागा चांगला आहे, पण हे सगळं म्हणजे एकांत नव्हे, पहारा झाला. सकाळी मिस कॉल, दारात बादली, किल्ली शेजाऱ्याकडे. ज्याला माणसांपासून लांब जायचंय त्यानं माणसांचं एवढं वेळापत्रक का सांभाळायचं? सातपुड्यातल्या पाल, तोरणमाळ या गावांच्या बाजूला जाऊन बसणारे साधू कोणाला मिस कॉल देतात?

गिरणा_पाणी

विजनवासी भाऊ, साधूंचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. महानुभाव पंथाचे मठ आपल्या भागात गावोगाव आहेत, विचारून बघा. त्यांच्या आचारात दिवसाचा क्रमच अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा असा आहे. विजन म्हणजे वस्तीबाहेर निर्जन जागी एकट्यानं बसून स्मरण. पण त्याच दिवसात भिक्षाही आहे, आणि भिक्षा झाडाला लागत नाही, ती गावातून आणावी लागते. रोज एकदा चार दारांपुढे उभं राहिलेला माणूस एक दिवस आला नाही तर चार बायका एकमेकींना विचारतात, 'आज बाबा दिसले नाहीत?' तुमचा मिस कॉल तोच, फक्त जुना.

राहिली जंगलाची गोष्ट. सातपुड्यात कुठंही झोपडी टाकून बसता येत नाही. यावल अभयारण्यात आणि राखीव वनात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते. बिबट्या आहे, अस्वल आहे. शिवाय ज्या जागा लोकांना एकांताच्या वाटतात – उनपदेव, मनुदेवी, पाटणादेवी – तिथं श्रावणात आणि रविवारी जत्रेइतकी गर्दी असते. पाटणादेवीला जायचं तर मधल्या वाराला, तेही सकाळी. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे, उन्हाळ्यात खालच्यापेक्षा बराच गारवा, म्हणून सुट्ट्यांत तिथंही गाड्या. एकांत हवा असेल तर तो आपल्याच मळ्यात स्वस्त पडतो.

सिस्टरताई

मी आरोग्यापुरतं लिहिते. खान्देशात एकट्या माणसाला धोका कशाकशाचा, ते माझ्या क्रमानं:

ऊन पहिलं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. उष्माघातात माणसाचं भान जातं, त्यामुळे आपल्याला काहीतरी होतंय हे त्याला स्वतःला कळत नाही. घरात दुसरं कोणी असलं की ते ओळखतं, 'हे असं बरळायला काय लागले?' एकट्याच्या घरात ते ओळखणारं कोणी नाही. म्हणून उन्हाळ्याचे अडीच महिने सकाळच्या खुणेबरोबर दुपारी चारला दुसरी खूण हवी, आणि ती मिस कॉल नको, दोन वाक्यं बोलणं हवं. बोलण्यातला गोंधळ समोरच्याला लगेच कळतो. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध, एवढं पुरेसं आहे: १०८ लावायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून पंखा.

तहान लागायची वाट बघू नका, साठीनंतर तहानेची जाणीव कमी होते. तांब्या मोजून प्या. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर फेकून नवीन करा. लघवी कमी करणारी किंवा वाढवणारी गोळी, हृदयाची गोळी चालू असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसरं, पडणं. बहुतेक वेळा मोरीत, नाहीतर रात्री अंधारात लघवीला उठताना. मोरीला आतून कडी लावू नका, घरात एकटेच आहात तर लाज कोणाची? कडी लावलीत तर दार फोडल्याशिवाय कोणी आत येऊ शकत नाही. मोबाईल साध्या नाडीनं गळ्यात, किंवा मोरीच्या दारापाशी जमिनीपासून हातभर उंचीवर खुंटीला. उंच फळीवर ठेवलेला फोन पडलेल्या माणसाच्या काय कामाचा?

पडल्यावर लगेच उठायचा प्रयत्न करू नये. आधी मिनिटभर पडून राहा, हातपाय एकेक हलवून बघा. मांडीच्या सांध्यात कळ येत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला वाटत असेल तर उठू नका. हाड मोडलेलं असू शकतं. तसं नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. रांगत खाटेपर्यंत किंवा जड खुर्चीपर्यंत जा. दोन्ही हात खाटेवर, जो पाय बळकट तो आधी पुढे रोवा, उठा आणि वळून लगेच बसा. उभं राहू नका, बसाच. हे धडधाकट असताना चार-पाच वेळा करून बघा. म्हातारपणी जमिनीवरून उठायचा सराव मोडतो आणि नेमका त्या दिवशी लागतो. उठता येत नसेल तर हाताला लागेल ते पांघरूण ओढून घ्या आणि ताट-तांब्या फरशीवर आपटत राहा. ओरडून घसा बसतो, भांड्याचा आवाज लांब जातो.

तिसरं, साप. हा मळ्यात राहणाऱ्यांसाठी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा फारसा दुखत नाही, दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. एकटा माणूस 'रात्रीचं बाधलं असेल' म्हणून ओवा खाऊन पडून राहतो. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, हे दोन्ही एकत्र आलं की साप धरूनच चालायचं. आवळून बांधू नका, चिरा मारू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय हलवणं कमी करा, १०८ ला मळ्याची खूण नीट सांगा, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरची लस तिथं मिळते.

टाळायचं कसं: खाटेवर झोपायचं, मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचायची (लोंबती ठेवली तर नसल्यासारखीच), धान्याची पोती आणि कडब्याची गंजी झोपायच्या खोलीपासून लांब. पोत्यांमागे उंदीर आणि उंदरांमागे साप. उशाशी बॅटरी, पाय खाली टाकायच्या आधी ती लावायची.

पांढरी_माती

ताईंनी सांगितलेल्यात एक भर. थंडीत धुळ्याकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा शेगडी किंवा घमेल्यात विस्तव करून दार-खिडकी लावून झोपणारे आहेत. कोळशातून जो विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) निघतो त्याला वास नसतो, धूर दिसत नसला तरी तो असतो. झोपेतच माणूस जातो. घरात चार जण असले तरी जातात, एकटा असेल तर दार ठोकणाराही नाही. विस्तव झोपायच्या आधी बाहेर काढायचा, विषय संपला.

आणि औषधफवारणी एकट्यानं करायची नाही. विहिरीवर रात्री एकट्यानं जायचं नाही. शेतीची थ्री-फेज लाईट रात्रीच्या पाळीला आली की लोक बॅटरी घेऊन निघतात. त्यापेक्षा पंपाला मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसवून घ्या. ज्या खोलीत राहायचं तिला शेतीच्या फीडरवर (पंपांसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीवर) विसंबू नका, गावठाणाच्या फीडरवरून घरगुती मीटर मिळत असेल तर तो घ्या. नाहीतर सौर पॅनल, बॅटरी, दोन दिवे, एक पंखा आणि फोन चार्ज होईल एवढी सोय आधी, राहायला जाणं नंतर.

कळणा_ठेचा

आता जेवणाकडे या राव. एकटा माणूस आजारी पडतो तो बहुतेक स्वयंपाकघरातून. क्रम ठरलेला: आधी भाजी बंद होते, मग डाळ, मग भाकरी, शेवटी चहा-टोस्ट उरतो. 'एकट्यासाठी कुठं चूल पेटवायची' हे वाक्य ऐकू आलं की समजावं, घसरण सुरू झाली.

एकट्याच्या स्वयंपाकाचं गणित वेगळं असतं. पीठ आधी बघा. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट लागायला लागतं, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त आणि दळल्यावर तो उघडा पडतो. म्हणून बाजरी एका वेळी किलो-दीड किलोच दळायची. ज्वारी त्यामानानं टिकते, उन्हाळ्यात दोन आठवडे धरा. रोजची म्हणून कळण्याची भाकरी सगळ्यात सोयीची: चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद, चमचाभर मेथीदाणे आणि खडेमीठ, एकत्र दळायचं. उडदामुळे डाळीचा भाग भाकरीतच येतो, वेगळं वरण झालं नाही तरी पोट रिकामं राहत नाही. एका भाकरीला शंभर-सव्वाशे ग्रॅम पीठ. लसूण-मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, वर शेंगदाण्याचं तेल. पाऊण तासात जेवण आवरून भांडी घासून मोकळे.

तरी दिवसाला मूठभर कोरडी डाळ शिजलीच पाहिजे, नाहीतर अंडं, नाहीतर ताक-दही. लहान कुकरमध्ये एका भांड्यात डाळ, एका भांड्यात भाज्या. शिजवलेला भात-खिचडी आपल्या मे महिन्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. फ्रीज नसेल तर सकाळची खिचडी रात्री नको, वास आला नाही तरी नको. तो बिघाड वासाला कळतोच असं नाही आणि पुन्हा गरम करून जात नाही.

थंडीत भरीत. अर्धा किलोचं हिरवं वांगं एकट्याला दोन वेळ होतं, पण ते तव्यावर नाही, तुरखाट्यांवर (तुरीच्या वाळक्या काड्यांवर)च भाजा, नाहीतर करू नका. बिबडे (ज्वारीचे वाळवलेले पापड) वर्षाचे भरून ठेवा. पावसात भाजी मिळाली नाही तर बिबडे-तेल-तिखट असतं. आणि वरण-बट्टी एकट्यासाठी करू नये हे माझं पक्कं मत आहे. ज्या दिवशी तिची आठवण येईल त्या दिवशी चार माणसांना बोलवा.

गॅसचं: १४.२ किलोचा सिलिंडर एकट्याला तीन-चार महिने सहज जातो, तो उचलता मात्र येत नाही. पाच किलोचा छोटा मिळतो, तो घ्या. झोपताना रेग्युलेटर बंद.

अमळनेरकर

शरीराचं बरंच झालं. आता बसायचं कसं, त्याबद्दल.

मुद्दाम एकटं राहायला गेलेले लोक पहिल्या आठवड्यात परत येतात त्याचं कारण भीती नसतं, रिकामा वेळ असतो. घर सोडून थेट महिनाभरासाठी जाऊ नये. आधी अर्धा दिवस, मग एक पूर्ण दिवस, मग तीन दिवस. तीन दिवसांत दुसरा दिवस सगळ्यात जड जातो: झोप उलटीसुलटी होते, जुनी भांडणं डोक्यात चालतात, हात फोनकडे जातो. तो दिवस निघाला की तिसऱ्याला मन जरा बसतं. दुसऱ्या दिवशी उठून परत यायचं आणि 'आपल्याला जमत नाही' म्हणायचं, हे नेहमीचं.

दिवसाला चार खुंट्या ठोका: उठण्याची वेळ, अंघोळ, हाताचं एक काम (खुरपणी, सूत, दुरुस्ती, काहीही, पण हातांचं), आणि संध्याकाळचं चालणं. मधला वेळ मोकळा सोडा. मौन, उपास आणि जागरण तिन्ही एकदम सुरू करू नका. उत्साही लोक हेच करतात, मग चौथ्या दिवशी चक्कर येते आणि त्यालाच साक्षात्कार समजतात.

एकट्यानं जमत नसेल तर शिस्तीत शिकवणारी जागा आहे. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर, धुळ्याजवळही केंद्र आहे. पहाटे चारला उठणं, रात्री साडेनऊला दिवे बंद, दहाव्या दिवसापर्यंत मौन, फोन-पुस्तक-वही जमा. नव्यांना संध्याकाळी पाचला चहा आणि हलका खाऊ, रात्रीचं जेवण नाही. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथं खरं लिहा. ते प्रश्न तुम्हाला अडवायला नाहीत, सांभाळायला आहेत.

आपल्याकडे अमळनेरला प्रतापशेठनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं तेही याच समजुतीनं, की विचार करणाऱ्याला शांत जागा आणि पोटाची सोय दोन्ही लागतात. नुसत्या शांत जागेनं भागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे बायको गेल्यावर पुढं जन्मभर एकटेच राहिले, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत, गावोगावचे दप्तर धुंडाळत. १९२६ मध्ये धुळ्यात गेले. पण त्यांच्या एकटेपणात काम खच्चून भरलेलं होतं, आणि ते कागद उघडून देणारे लोक गावोगाव होते. काम नसलेल्या एकट्यानं त्यांचं उदाहरण देऊ नये.

सिस्टरताई

अमळनेरकर सरांच्या मुद्द्याला जोडून: कोणी अजिबात एकट्यानं बसायला जाऊ नये तेही लिहिते. घरातलं माणूस जाऊन सहा महिने झाले नाहीत असा. पूर्वी तीव्र नैराश्य, भास, किंवा कधी अति उत्साह-कधी अति उदासी असा आजार झालेला. आणि रोज पिणारा. 'मळ्यात जाऊन सोडतो' हा बेत सगळ्यात घातक. रोजची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरथर, ताप, आणि त्यात माणूस दगावतो. दारू डॉक्टरच्या देखरेखीत सोडायची, एकांतात नाही.

नवरा किंवा बायको गेल्यावर काही महिने त्यांचा आवाज ऐकू येणं, मोरीत पाणी सांडल्यासारखं वाटणं, हे पुष्कळांना होतं. ते वेड नव्हे, बाहेरचंही काही नव्हे. आवाज काहीतरी करायला सांगू लागला, झोप आठवडाभर गेली, जगणं नको वाटू लागलं, तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठी १४५६७.

आणखी एक, ज्याकडे कोणी बघत नाही. 'बाबा हल्ली गप्प असतात, पारावर जात नाहीत' – अशा दहांतल्या काहींचं दुखणं मनाचं नसतंच. कान गेलेले असतात. पारावर चार जण बोलतात त्यातलं ऐकू येत नाही, दोनदा 'काय?' विचारलं की लोक हसतात, मग माणूस जाणंच सोडतो. आधी कानातला मळ काढून घ्या, मग तपासणी. मोतीबिंदूचं तेच, अंधार पडला की बाहेर पडणं बंद. आणि शाकाहारी ज्येष्ठांत, त्यातही वर्षानुवर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत, बी-१२ कमी होतं. थकवा, विसर, चिडचिड, पायाला मुंग्या. थायरॉईड आणि बी-१२ तपासल्याशिवाय 'एकटेपणानं खचले' असा शिक्का मारू नका.

रातराणी_चोपडा

एकट्या बाईचं कोणी लिहिलंच नाही. पुरुष मळ्यात एकटा राहिला तर 'विरक्त झाला', बाई राहिली तर 'कोणी विचारत नाही का तिला?' हे गाव बदलेल तेव्हा बदलेल, तोवर कामाचं लिहिते.

खोली भाड्यानं घेताना भाडेकरार लिहून घ्याच, घरमालक कितीही जवळचा असो. खोली बघायला संध्याकाळी जा, सकाळी नाही: गल्लीत दिवा आहे का, समोरच्या ओट्यावर रात्री कोण बसतं, संडास आत की बाहेर. कुलूप स्वतःचं बदला. आतून कडी-कोयंड्यापेक्षा आडणा (दाराला आडवा लावायचा दांडा) बरा. ११२ आणि दोन शेजारणींचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात. घाबरल्यावर फोनमध्ये नाव शोधता येत नाही.

शेजारणी कशा जोडायच्या? मदत मागून. देऊन नाही. 'माझ्या पापडाला जरा हात लावता का' म्हटलं की बाई घरात येते, घर बघते, मग तुमची काळजी तिचीही होते. नुसतं वाटत सुटलं की लोक घेतात आणि लांबच राहतात.

नवरा वारल्यावर कागदांची घाई करा आणि सह्यांची घाई करू नका. हे उलटं होतं नेहमी. सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत. विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. तेराव्याच्या गर्दीत 'नाव कमी करायचंय, इथं सही कर' म्हणून हक्कसोडपत्र पुढं येतं. वाचल्याशिवाय, दोन दिवस घरी ठेवल्याशिवाय सही नाही. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागं घेणं फार अवघड.

तहसील_कट्टा

रातराणीताईंनी बरोबर लिहिलं. पुढचं जोडतो.

उत्पन्न कमी असेल तर निराधार, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित यांना संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये. पासष्ट झाल्यावर श्रावणबाळ योजना. अर्ज सेतू केंद्रात (सरकारी दाखले-अर्जांचं केंद्र) किंवा तहसीलला. बहुतेक अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि आधार-बँक जोडणीवर अडकतात, ते दोन आधी करा.

मुलांनी सांभाळायचं सोडलं तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. साठीच्या पुढच्या आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, निर्वाह भत्ता महिना दहा हजारांपर्यंत. खरी मेख कलम २३ मध्ये आहे: 'मला सांभाळशील' या अटीवर घर-शेत मुलाच्या नावे केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. आपल्याकडे 'पोराला कशाला अट घालायची' म्हणून कोरं बक्षीसपत्र करतात आणि मग भांडायला आधार राहत नाही. माझा सल्ला विचाराल तर जिवंतपणी बक्षीसपत्र नकोच, मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार, तेही लाभार्थी नसलेले आणि तुमच्यापेक्षा वयानं लहान. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.

पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. आता चेहरा दाखवून मोबाईलवरही होतो, पोस्टमन घरी येऊनही करतो. एकट्या माणसानं यासाठी रांगेत उभं राहून चक्कर यायची वेळ आणू नये.

विजनवासी

मान्य करतो, तयारीशिवाय जाऊ नये. तरी माझा मूळ मुद्दा उरतोच. खूण, दुपारचा फोन, शेजारीण, दूधवाला, सेतू, तहसील... एवढं सगळं सांभाळून उरलेल्या वेळात माणूस एकटा कधी असतो?

केळीचं_बन

मोजून बघा ना भाऊ. सकाळचा मिस कॉल अर्धा मिनिट. दुपारचं बोलणं दोन मिनिटं, तेही उन्हाळ्यात. दूधवाल्याशी 'राम राम' एक. आठवड्याला बाजार दोन तास. बाकी सगळा दिवस तुमचा. उलट ज्यानं ही सोय केली नाही त्याचा दिवसभर जीव फोनमध्ये असतो: कोणाचा आला, कोणाचा नाही आला. फोनमध्ये चारच नंबरांची घंटी वाजेल असं लावून ठेवा, बाकी सगळं मुकं. ज्यांचा फोन यायलाच हवा तो येतो हे ठाऊक असलं की बाकीचा फोन बाजूला ठेवता येतो.

विजनवासी

चार नंबरांचं करून बघतो. बाकी भो, बठ्ठं खरं शे (सगळं खरं आहे).

पांढरी_माती

एक राहिलं, उन्हाळा तोंडावर आहे म्हणून. कूलर. लोखंडी बॉडीच्या कूलरचा शॉक बसून दर उन्हाळ्यात आपल्या भागात माणसं जातात, आणि एकट्याला कोणी ओढून बाजूला करणारं नसतं. चालू कूलरमध्ये पाणी टाकायचं नाही. बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढायची, मग झाकण उघडायचं. पायात रबरी चप्पल, हात कोरडे. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावलेला असेल तर तो आजच बदला, अर्थिंग त्या तिसऱ्या पिनेतूनच जातं.

सिस्टरताई

आणि मीटरच्या पुढं गळती झाली की लाईट तोडणारं यंत्र बसवून घ्या. ते कोणतं घ्यायचं, दादा? दुकानदार काहीही देतात.

पांढरी_माती

ताई, आरसीसीबी मागायचं, ३० मिलिअँपिअरचं. १०० चं किंवा ३०० चं देतील, ते घराला आग लागू नये म्हणून असतं, माणसाला वाचवायला ३० चंच लागतं. नुसत्या एमसीबीनं (जादा भार आला की पडणाऱ्या खटक्यानं) शॉक थांबत नाही. बसवल्यावर त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं; खटका पडला पाहिजे. पडला नाही तर यंत्र गेलं, बदलून घ्या. आणि कूलर लावलाय त्या खोलीची समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा आत कोंडते, गारवा येत नाही आणि लोक पुन्हा पुन्हा पाणी भरायला उठतात.